चढावर तापलेली व्हॅन

व्हॅन बोटीतून धक्क्यावर उतरली तेव्हा तिच्या दोन्ही अंगांवर मोठी लाल जपानी अक्षरं होती. टोंगातल्या वावाऊ बेटावर ती वाचणारं कुणी नव्हतं, त्यामुळे ज्याला जे हवं ते त्याने वाचलं. पाद्री म्हणाले, एखाद्या फुलवाल्याचं नाव असणार. लोसालिनची शेजारीण फाताई म्हणाली, "कसलं फुलवाल्याचं! 'नवरा भाड्याने मिळेल' असं लिहिलंय. मी पहिली गिऱ्हाईक!"

लोसालिनला हसू फुटत होतं, पण तिचा धाकटा भाऊ फेलेती तिथेच उभा होता. भाऊ आणि बहीण दोघांच्या कानावर एकाच वेळी असला विनोद पडणं आमच्याकडे बरं दिसत नाही. अशा वेळी भावाने उठून जायचं असतं. फेलेतीला व्हॅन सोडून जाववेना. तो नुसता व्हॅनच्या पलीकडे गेला आणि टायर बघायचं निमित्त करून खाली वाकला. लोसालिनने तोंडावर हात धरून समुद्राकडे पाहिलं. तरी तिला दिसत होतं की तो टायर बघत नव्हता, व्हॅनच्या पत्र्यावरून हात फिरवत होता. गायीच्या पाठीवरून फिरवावा तसा.

ती व्हॅन आणवली होती लोसालिननेच. आई गेली तेव्हा फेलेती लहान होता, लोसालिनच्या कडेवर वाढला. त्याला मिसरूड फुटलं तसा तो रीतीप्रमाणे तिच्या घरातून उठून शेजारी तरुण पोरांसाठी बांधलेल्या झोपडीत झोपायला गेला. त्या दिवसापासून दोघं एका चटईवर जेवायला बसले नाहीत. बोलणं कमी झालं आणि मान वाढला. बहिणीचा शब्द भावाने खाली पडू द्यायचा नाही, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं आणि त्यालाही नाही. वाऱ्यात मीठ असतं तसं ते होतं.

पण बरोबरीचे सगळे बेट सोडून चालले होते. कुणी ऑकलंडला, कुणी सिडनीला, कुणी ऑस्ट्रेलियातल्या संत्र्यांच्या मळ्यांत. फेलेती धक्क्याजवळच्या गॅरेजात काम शिकला होता, हात चांगला होता, त्यालाही बोलावणी येत होती. लोसालिनने परदेशातल्या सगळ्या चुलत-मावस भावांना एकच निरोप धाडला: मला या वर्षी काही पाठवू नका, एक गाडी पाठवा. तेही भाऊच. नाही कसं म्हणणार? सगळ्यांनी मिळून जपानमधून जुनी माल-व्हॅन घेऊन दिली. फेलेतीने ती चालवावी, पोट भरावं आणि इथेच राहावं, एवढंच लोसालिनचं मागणं होतं. ते तिने कुणाला बोलून दाखवलं नाही. पण सगळ्यांना कळलं.

आणि तो राहिला. शनिवारी बाजाराला अळकुड्या, कोनफळं आणि कुटून प्यायच्या कावाच्या मुळ्या न्यायच्या, आठवड्याची बोट आली की धक्क्यावरून दुकानांचा माल आणायचा, कुणाचं लग्न निघालं की चटया आणि सालीच्या कापडाचे गठ्ठे, कुणी गेलं की दवाखान्यातून घरी आणायचं. गावातलं बरं-वाईट सगळं त्या व्हॅनमधून जायचं. त्याने पिसिलाशी लग्न केलं, लोसालिनच्याच आवारापलीकडे घर बांधलं, पोरं झाली.

सकाळी लोसालिनला जाग यायची ती व्हॅनच्या आवाजाने. त्या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटच्या खाली होतं. फेलेती आधी सीट उचलून ठेवायचा, ऑइलची पट्टी काढून पुसायचा, परत घालून बघायचा, बोटावर थेंब घेऊन चोळायचा. मग पट्टा दाबून बघायचा, मग चाकांना एकेक लाथ. हे सगळं झाल्याशिवाय चावी फिरवायची नाही, मग बाहेर कुणी कितीही बोंबलो. शनिवारी बाजारातून आला की व्हॅनला उतारावर लावून खाली शिरायचा आणि पाणी मारून पोट धुवायचा. आमच्याकडे समुद्राची हवा लोखंड खाते. लोकांच्या गाड्यांना दुसऱ्या वर्षी भोकं पडायची, पायाखालून रस्ता दिसायचा. फेलेतीची व्हॅन खालून वरच्यापेक्षा स्वच्छ.

"पिसिला," फाताई कुंपणावरून ओरडायची, "तुला कधी अशी धुतली होती का गं त्याने?"

"मला गंज चढत नाही ना," पिसिला म्हणायची.

आणि रेडिएटरमध्ये पाणी पावसाचंच. आमचं बेट म्हणजे पोवळ्याचा खडक. गावच्या नळाला येतं ते जमिनीतलं पाणी प्यायला बरं लागतं, पण किटलीच्या बुडाला पांढरा थर धरतं. तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. फेलेती दोन्ही घरांच्या सामाईक टाकीतून पावसाचं पाणी भरून घ्यायचा, फडक्यातून गाळून. त्या फडक्याला कुणी हात लावलेला त्याला खपायचा नाही.

मग एक वर्ष असं आलं की पावसाने पाठ फिरवली. टाकीच्या भिंतीवर बोटाने टकटक केलं की आवाज आणखी खालून यायला लागला. लोसालिन घरातली थोरली, पाण्याचा हिशोब तिच्याकडे. एका शनिवारी तिने पिसिलाला हाक मारली.

"पिसिला, आता टाकीचं पाणी फक्त माणसांना. गाडीला गावच्या नळाचं घाल म्हणावं."

पिसिला घुटमळली. "वन्सं, ते म्हणतात त्या पाण्याने—"

"गाडीचं काय पोट दुखतं होय?"

पिसिला हसली, कारण वन्संनी विनोद केला होता. घरी जाऊन तिने नवऱ्याला सांगितलं. लोसालिनला खिडकीतून दिसलं, फेलेती रिकामा कॅन हातात घेऊन टाकीपाशी बराच वेळ उभा होता. मग तो वळला आणि गावच्या नळाच्या वाटेला लागला. तिला वाटलं, ऐकलं त्याने. कुणीतरी ऐकलं की बरं वाटतंच माणसाला.

पुढच्या काही महिन्यांत व्हॅन बदलली. सपाटीवर ठीक असायची, पण गाव आणि नेइआफू बंदर यांच्यामध्ये जो लांब चढ आहे तिथे दमायला लागली. फेलेती अर्ध्या चढावर आंब्याखाली थांबवायचा आणि पुढची सीट उचलून ठेवायचा. लोक म्हणायचे, फेलेतीची व्हॅन चढावर प्रार्थनेला थांबते. एकदा त्याने रेडिएटर काढून त्यात लिंबाचा रस भरून ठेवला. कच्च्या माशावर लिंबू पिळतात, ते तसं लोखंडावर पिळलेलं बघून आयाबाया पोट धरधरून हसल्या. पण रस ओतला तेव्हा त्यातून पांढरा चुना बाहेर पडला, आणि काही दिवस व्हॅन बरी चालली. मग पुन्हा तेच पाणी, पुन्हा तेच.

"वन्सं," पिसिला एकदा म्हणाली, "गाडीला जरा बरं नाहीये."

"पाऊस पडला की सगळ्यांनाच बरं वाटेल," लोसालिन म्हणाली. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. पण पिसिलाने विषय का काढला असेल, हे विचारायचं तिच्या मनात आलं नाही. पुढे किती वर्षं तिला हेच बोचत राहिलं.

त्याच सुमारास राजधानीहून, नुकुआलोफाहून निरोप आला. धाकट्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. लोसालिन नवरीची आत्या, तीही सगळ्यांत थोरली. आमच्याकडे लग्नात आत्याच्या वर कुणी नाही, खुद्द बापही नाही. पण मान घ्यायला जाताना आत्याने रिकाम्या हाताने जायचं नसतं. लोसालिन आणि फाताईने केवड्याच्या पानांच्या चटया विणायला घेतल्या. बोटांची सालं निघाली. त्यातली एक इतकी बारीक विणीची झाली की घडी केली तर उशीखाली मावेल.

निघायच्या आदल्या दिवशी पिसिला आली आणि दारातच बसली. "वन्सं, माझ्या भावाचा ट्रक आहे. तो रिकामाच आहे उद्या. चटया नि डुकरं त्यात घातली तर?"

"आणि आपली व्हॅन?"

"आपली... तिला चढ जड जातो हल्ली."

लोसालिनने हातातलं काम खाली ठेवलं. "आत्या लग्नाला निघाली आणि भावाच्या दारात गाडी असताना दुसऱ्याच्या ट्रकमधून गेली, हे बरं दिसेल? फेलेती काही म्हणाला का?"

"नाही. ते कशाला काही म्हणतील?"

"मग झालं तर."

सकाळी व्हॅन भरली. चटयांच्या गुंडाळ्या, सालीच्या कापडाचे गठ्ठे, पानांत बांधलेली भाजलेली डुकरं, कोनफळांच्या करंड्या. फेलेतीने पाण्याचे दोन कॅन मागच्या दाराशी नीट बसवले. लोसालिन मागे चटयांवर बसली. पुढची सीट मोकळी असली तरी भावाशेजारी ती कधीच बसत नसे. तिथे फाताई बसली. फाताईला बोटीवर जायचं नव्हतं, नुसतं पोचवायला जायचं होतं. पण ती नटली होती नवरीसारखी.

अर्धा चढ गेला नाही तोच फाताई चुळबुळायला लागली. "फेलेती, अरे, माझं बूड भाजतंय! खाली भट्टी पेटवलीयेस का? डुकरं मागे आहेत बाबा, मी नाही!"

फेलेतीने हात पुढे करून गरम हवेचं बटण फिरवलं. फाताईच्या तोंडावर गरम वारा आला.

"आता हे काय आणखी?"

"इंजिनातली उष्णता बाहेर काढतोय, फाताईबाई. थोडं सोसा."

तेवढ्यात सीटखालून फुस्स आवाज झाला. फेलेतीने व्हॅन आंब्याखाली घेतली आणि इंजिन बंद केलं. फाताई उडी मारून उतरली. त्याने सीट उचलली तर पांढरी वाफ वर आली. त्याने कशालाही हात लावला नाही. मागे सरकून रस्त्याच्या कडेला उकिडवा बसला.

लोसालिन उतरली. बसून बसून पाय आखडले होते. ती आंब्याच्या पलीकडे उभी राहिली, त्याच्यापासून अंतर ठेवून.

"काय झालं म्हणे?" तिने फाताईला विचारलं.

"फाताईबाई," फेलेती म्हणाला, म्हणजे अक्काला ऐकू जावं म्हणून म्हणाला, "आता हिला तसंच सोडावं लागेल. आपोआप निवली पाहिजे. झाकणही उघडायचं नाही."

"किती वेळ?"

"एक प्रवचन होईल एवढा."

"आपल्या पाद्र्यांचं की नेइआफूच्या? आपल्यांचं असेल तर बोट नुकुआलोफाला जाऊन परत येईल."

चढावरून बाजाराला निघालेल्या बायका थांबल्या होत्या, त्या हसल्या. फेलेतीही हसला, जमिनीकडे बघत. तेव्हाच खालून बंदरातून बोटीचा भोंगा वाजला. चढाच्या त्या वळणावरून बंदर दिसतं. बोट धक्क्याला लागलेली होती, माणसं मुंग्यांसारखी आत चालली होती. ही बोट गेली तर पुढची आठवड्याने, आणि लग्न त्याच्या आधी.

लोसालिनच्या डोळ्यांपुढे ती बारीक विणीची चटई आली. गुंडाळून पडलेली, लग्न झाल्यावर पोचणारी. चढावरच्या बायका तिच्याकडे बघत होत्या. थोरली आत्या काय करते ते बघत होत्या.

"फाताई, सांग त्याला. कॅनमध्ये पाणी आहे ना? मग ओत म्हणावं. तापलंय तर पाणी घालायचं, त्यात काय एवढं?"

फाताईने सांगायची गरज नव्हती. फेलेती उठला. एक कॅन घेऊन आला आणि व्हॅनपाशी थांबला. मग त्याने एक गोष्ट केली जी त्याने मिसरूड फुटल्यापासून चारचौघांत केली नव्हती. तो तिच्याकडे वळला आणि फाताईमार्फत नाही, स्वतः बोलला.

"अक्का—"

"काय?"

त्याची नजर तिच्या पायांपाशी होती. भोंगा पुन्हा वाजला.

"काही नाही," तो म्हणाला. "ओततो."

त्याने ओलं फडकं गुंडाळून झाकण फिरवलं. वाफेचा फवारा उडाला, त्याने मान वळवून घेतली. मग गार पाणी ओतायला लागला. आतून एक बारीक आवाज आला, तापल्या काचेला तडा जावा तसा. फेलेतीचा हात थांबला. लोसालिनने ते पाहिलं. पण तिला वाटलं, कॅन जड असेल. मग उरलेलं पाणी त्याने तसंच ओतलं, शेवटच्या थेंबापर्यंत, कारण अक्काने ओत म्हटलं होतं.

व्हॅन सुरू झाली. मागून पांढरा धूर निघत होता, ती खोकत होती, पण चढली. माथ्यावर पोचली आणि तिथे इंजिन बंद पडलं. पुढे धक्क्यापर्यंत सगळा उतार. फेलेतीने गाडी तशीच सोडली आणि ती आवाज न करता खाली गेली. वळणं घेत, कोंबड्या दचकवत, थेट धक्क्यावर, बोटीच्या शिडीपासून हाकेच्या अंतरावर. लोक पळत आले, चटया डोक्यावर घेतल्या. लोसालिन बोटीत चढता चढता फाताईला म्हणाली, "बघितलंस? उगाच थांबलो असतो."

फाताईने यावर विनोद केला नाही. तिच्या आयुष्यात असं फार कमी वेळा झालं असेल.

लग्न छान झालं. लोसालिनला सगळ्यांच्या वर बसवलं. त्या बारीक विणीच्या चटईला बायकांनी हात लावून पाहिलं, पुढे कितीतरी वर्षं तिची आठवण काढली. लोसालिन आलेला मान घेऊन, पाहुण्यांकडे राहून, सावकाश परतली. धक्क्यावर पिसिलाच्या भावाचा ट्रक उभा होता. आणि त्याच्या पलीकडे, जिथे ती उतरली होती तिथेच, व्हॅन. पुढची सीट काढून बाजूला ठेवलेली. लाल अक्षरांवर पोवळ्याची पांढरी धूळ.

"अजून इथेच?" ती पिसिलाला म्हणाली.

"चला वन्सं, ऊन लागतंय," पिसिला म्हणाली आणि तिचं गाठोडं उचललं.

घरी गाडीचा विषय कुणी काढला नाही. फेलेती आला, खाली बसला, लग्नाची विचारपूस केली, कोण कोण भेटलं, डुकरं पुरली का. मग उठून गेला. सकाळी लोसालिनला जाग आली आणि तिला कळेना की आज काय चुकल्यासारखं वाटतंय. मग लक्षात आलं की व्हॅनचा आवाज नाही.

काही दिवसांनी ती स्वतःच पिसिलाच्या घरी गेली. फेलेती नव्हता. पिसिला खोबरं खोवत होती, तिने चटई झटकून घातली.

"काय झालंय गाडीला?"

"इंजिनाच्या वरच्या भागाला, हेडला, तडा गेलाय. ऑइलमध्ये पाणी गेलं. मी पाहिलं ना, पट्टीवर नारळाचं दूध आल्यासारखं पांढरं."

"मग दुरुस्त करू की. त्याला येतं ना सगळं."

"ते म्हणतात, ते हेड इथे मिळत नाही. गॅरेजवाले म्हणाले, बाहेरून मागवायचं तर दुसरी गाडी घेतलेली बरी." पिसिलाने खोवणीवरचा हात थांबवला. मग जे कधी बोलायची नाही ते बोलली. "तापलेल्या इंजिनात गार पाणी घालत नाहीत, वन्सं. लोखंड फाटतं. निवू द्यायचं असतं. हे त्यांना गॅरेजात पहिल्या दिवशी शिकवलेलं. घरी येऊन ते एवढंच म्हणाले, एक प्रवचनभर थांबलो असतो तर ती जगली असती."

लोसालिनने खोबऱ्याची वाटी बाजूला सारली. "मग बोलला का नाही तो? मी काय खाल्लं असतं त्याला? बोट गेली असती तर गेली असती. तुझ्या भावाचा ट्रक बोलावला असता. त्याने एका शब्दाने सांगायचं, अक्का, गाडी मरेल."

"तुम्हाला?" पिसिला म्हणाली.

एवढंच म्हणाली, आणि तेही उद्धटपणे नाही. खरंच नवल वाटल्यासारखं. लोसालिनला चढ आठवला. तो वळून उभा राहिला होता, "अक्का" म्हणाला होता, आणि तिने "काय?" विचारलं होतं. ते "काय" तिने कसं विचारलं होतं? तिने घरी जाऊन, एकटीच, वेगवेगळ्या आवाजांत ते म्हणून पाहिलं. जरा मऊ म्हटलं असतं तर तो बोलला असता का? पण त्या दिवशी ते मऊ नव्हतं. भोंगा वाजत होता आणि बायका बघत होत्या.

तिला त्याची माफी मागायची होती. पण थोरल्या बहिणीने धाकट्या भावाची माफी मागायची म्हणजे काय करायचं, हेच तिला माहीत नव्हतं. ती त्याच्यासमोर बसली असती तर तोच आणखी खाली वाकला असता. त्याच्या जीवाला नको झालं असतं. म्हणून तिने त्याच्या घरी उत्तम केळी पाठवली, भाजलेला मासा पाठवला, आणि पिसिलाकडून निरोप धाडला की टाकीचं पाणी आता लागेल तेवढं घ्या. पण आता ते घालायचं कशात?

फेलेतीने काही महिने लोकांच्या गाड्या दुरुस्त केल्या. व्हॅन ओढून घरी आणली होती, तिचं एकेक अंग दुसऱ्यांच्या कामी आलं. टायर एकाला, दिवे दुसऱ्याला. लाल अक्षरांचा एक पत्रा गावातल्या एका डुकरांच्या वाड्याचं दार झाला. फाताई तिथून जाताना त्याकडे बघून नाक मुरडायची. "बघ, आता कुणाला भाड्याने देतायत." पण हसायची नाही.

मग ऑस्ट्रेलियाहून फळं तोडायला माणसं न्यायला लोक आले, आणि या खेपेला फेलेतीने नाव दिलं. लोसालिनला ते पिसिलाने सांगितलं. त्याने स्वतः सांगितलं असतं तर तिला हो की नाही म्हणावं लागलं असतं. ते त्याने टाळलं, हे तिला समजलं.

जायच्या दिवशी सगळं गाव धक्क्यावर. लोसालिन एका पेटीवर बसली होती, कमरेला चटई बांधून, जशी मोठ्या प्रसंगाला बांधतात तशी. फेलेती सगळ्यांना भेटला. पोरांना उचलून घेतलं. शेवटी तिच्यासमोर आला आणि सिमेंटवर खाली बसला, पाय दुमडून.

"अक्का, निघतो मग."

तो तसाच बसून राहिला. मान खाली. बोटीचा भोंगा वाजला. पिसिलाने त्याची पिशवी हातात घेतली होती, ती तशीच उभी राहिली. मागे कुणीतरी खोकलं. तो उठेना.

लोसालिनच्या तोंडाशी शब्द आला होता. राहा. एवढं म्हटलं की पुरे होतं. तो "हो" म्हणाला असता, पिशवी परत घरी गेली असती, नाव दिलेलं फुकट गेलं असतं आणि कुणी एका अक्षराने नाराजी दाखवली नसती. उद्या सकाळी तो त्या पलीकडच्या घरात असता. कशावर जगला असता, पोरांना काय घातलं असतं, ते तोच जाणे. पण असता.

तिला माहीत होतं, तिने म्हटलं की तो करतो. मग त्याला बरं-वाईट काहीही वाटो. चढावर तेच झालं होतं.

"जेवून निघालास ना?" तिने विचारलं.

"हो."

"तिकडे थंडी असते म्हणतात. अंगावर घे काहीतरी."

"हो, अक्का."

मग तो आणखी क्षणभर बसला. की तिलाच तसं वाटलं? मग उठला, पिशवी घेतली आणि शिडी चढला.

पहिल्या हंगामानंतर तो आला, दुसऱ्यानंतरही आला. मग त्याला तिकडे ट्रक दुरुस्तीचं कायमचं काम मिळालं आणि एक दिवस पिसिला पोरांना घेऊन गेली. पलीकडच्या घराला कुलूप लागलं. तो फोन करतो, नेमाने करतो, तब्येत विचारतो. दर नाताळाला पेटी येते. ती विचारते, कसा आहेस? तो म्हणतो, मजेत आहे, अक्का. पिसिला म्हणते, मजेत आहोत, वन्सं. थोरलीला उगाच काळजी कशाला लावायची, हे दोघांनाही कळतं.

आता लोसालिनच्या बोटांना वीण जमत नाही. ती अंगणात बसते, आणि फाताई, तिचेही दात गेलेत, शेजारी येऊन बसते. एकदा लोसालिनने तिला विचारलं, कितीतरी वर्षांनी, पहिल्यांदाच.

"फाताई, तू होतीस ना धक्क्यावर. तो बसून राहिला होता ना गं? मी राहा म्हणावं म्हणून थांबला होता का तो?"

फाताईने आखडलेले पाय लांब केले. "मला वाटलं खरं तसं. पण पायाला मुंग्या आल्या असतील तर? मला काय विचारतेस? फोन कर आणि त्यालाच विचार."

"त्याला विचारून काय उपयोग," लोसालिन म्हणाली. "मला जे ऐकायला बरं वाटेल तेच तो सांगणार."